कुरणातली लेक

जिवनबाई बोलली तेव्हा निता खिडकीचा पडदा ओढत होती. पडदा अर्ध्यावरच राहिला. मुलगा गेल्यापासून जिच्या तोंडून ब्र निघाला नव्हता ती तिची आई, डोळ्यांवर ते काळं यंत्र बांधून खुर्चीत बसलेली, ठणठणीत आवाजात म्हणाली होती, “हां छोरी, बसले बघ.” तेही गोरमाटीत, बंजारा तांड्याच्या भाषेत, चुलीपुढे भाकरी थापताना मान न वळवता लेकरांना ओ द्यायची, अगदी त्या आवाजात. निता धावतच खुर्चीपाशी आली, गुडघे टेकले, आईचा हात हातात घेतला, आणि मग तिच्या ध्यानात आलं, की ही ओ आपल्याला नाही. आपण काही बोललोच नव्हतो. बोलली होती ती यंत्रातली बाई. टेबलावरच्या लॅपटॉपमधून तिचा आवाज बारीक ऐकू येत होता. “निवांत बसा. पाठ टेकवा. इथे तुम्हाला कसलीही घाई नाही.” आणि त्याला आई हो म्हणाली होती. आता गंमत अशी, की यंत्रातली ती बाईही निताच होती.

हे सगळं सोमेश्वर सरांच्या डोक्यातून निघालं होतं. सर हिंगोलीत ‘विसावा’ नावाचं मानसिक आरोग्याचं केंद्र चालवत, बायपासला, एका पाइपच्या दुकानाच्या माडीवर. निता तिथे समुपदेशक होती. कुठल्याशा ट्रस्टने सरांना ते हेडसेट दिले. डोळ्यांवर बांधायचे की चारी बाजूंनी दुसरंच जग. समुद्र होता, बर्फाचा डोंगर होता, आणि एक कुरण होतं: कमरेएवढं गवत, त्यावर वारा, लांब एकच झाड. माणसाने त्यात थोडा वेळ बसायचं, आवाज सांगेल तसा श्वास घ्यायचा आणि जीव हलका करून परत हिंगोलीच्या धुळीत यायचं. डोंगरकडा गावचे व्यंकटराव, बागायती जमिनीचे धनी आणि झोपेचे भिकारी, पहिल्यांदा समुद्रात उतरले तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी धोतर वर धरलं होतं. कुरणात गेले तेव्हा म्हणाले, “एवढं गवत उभं हाय अन् एक ढोर न्हाई? काहून?” सर हसले, तेही हसले, आणि त्या दिवशी म्हणे त्यांना झोप लागली. यंत्रातला मूळ आवाज हिंदीत होता. सरांचं मत असं, की आपल्याकडची बाई हिंदीत बाजार करील, पण जीव निववायचा तर मराठीच पाहिजे. म्हणून निताचा आवाज. निताची मराठी आश्रमशाळेत घडली होती. लहानपणी तांड्यावरून तिथे गेली तेव्हा तिला पाणीसुद्धा मराठीत मागता येत नव्हतं, आणि गोरमाटीत मागितलं की मुली फिदीफिदी हसत. हट्टाने तिने अशी भाषा कमावली, की मॅडम रेडिओवानी बोलतात असं पेशंट म्हणू लागले. केंद्राच्या कोठीत दोन गाद्या उभ्या करून, त्यांच्या मधल्या फटीत बसून तिने ते रेकॉर्डिंग केलं. सर म्हणाले होते, सगळ्यात जवळच्या माणसाशी बोलतेयस असं समज. तिने कोणालाच समोर आणलं नाही. समोर कोणी नव्हतं म्हणूनच आवाज इतका मऊ आला, हे तिला फार उशिरा कळलं.

आणि तिचा भाऊ सुदाम गेला तेव्हाही ती यंत्रातच होती. प्रशिक्षणाला संभाजीनगरला गेली होती. थंड खोलीत, डोळ्यांवर पट्टे आवळून, त्याच कुरणात. मोबाइल बाहेर टोपलीत ठेवायला लावले होते. तिकडे बाळापूरच्या पुढे, हळदीची पोती भरलेला सुदामचा टेम्पो उलटला, आणि इकडे निताच्या नाडीचे ठोके इतके संथ पडत होते, की शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना पडद्यावर दाखवले. बघा, म्हणाल्या, याला म्हणतात विश्रांती. ती पोचली तेव्हा माती होऊन गेली होती. तांडा डोंगरकड्याच्या अलीकडे, रस्ता सोडून आत. ओसरीत बाया बसल्या होत्या आणि मधोमध जिवनबाई. आता तांड्याची एक रीत आहे. लेक आली, बहीण आली, की नुसतं ‘कशी आहेस’ म्हणून भागत नाही. बाया गळ्यात गळा घालतात आणि गाऊन रडतात. एकीने एक ओळ म्हणायची, दुसरीने रडत रडत पुढची जोडायची. कोण गेलं, कसं गेलं, मागे कोण राहिलं, शेवटचं काय खाल्लं होतं, सगळं त्या रडण्यात सांगून होतं. ओळीला ओळ मिळते, दोघींचं रडणं पुरं होतं, आणि मगच बाया डोळे पुसून उठतात. बाहेरच्यांना ते नाटक वाटतं. आश्रमशाळेच्या मुलींनाही वाटायचं. जिवनबाई भेटायला आली की निता फाटकापर्यंत पळत जाऊन तिला झाडाआड न्यायची, तिने गळ्यात पडून सूर धरू नये म्हणून.

त्या दिवशी जिवनबाई उठली, लेकीच्या गळ्यात पडली आणि तिने पहिली ओळ धरली. तुझा भाऊ गं, छोरी, तुझा भाऊ. सूर वर गेला आणि थबकला, निताने पुढचं धरावं म्हणून. सगळ्या बाया थांबल्या. निताच्या आत काहीतरी उसळलं होतं, नाही असं नाही. पण तोंडाशी आलं ते वेगळंच. वर्षानुवर्षं शेकडो माणसांना म्हणून जे जिभेवर बसलं होतं तेच आलं. आईच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, मराठीत म्हणाली, “आई, शांत हो. हळूहळू श्वास घे.” जिवनबाईचा सूर मध्येच तुटला. हात सैल पडले. तिने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, आपलं घर समजून दुसऱ्याच्या दारात उभं राहिल्यावर माणूस बघतं तसं पाहिलं, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. बाया म्हणाल्या, धक्का बसलाय, येईल वळणावर. लखमाकाकू मात्र चुलीपाशी निताला हळूच म्हणाली, “रडनं अर्धं सोडू नये बाई. अर्धं राह्यलं की ते मानसाला आतून खात राहतं.” निताने तेव्हा मान डोलावली. तिला वाटलं, म्हातारीची समजूत.

सुदामची बायको लेकराला घेऊन माहेरी गेली आणि निता आईला हिंगोलीला घेऊन आली. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. निताचा संसार दुसऱ्याच वर्षी मोडला होता आणि तेव्हापासून त्या घरात एकच ताट, एकच पेला असायचा; आता दोन झाले, आवाज मात्र तेवढाच राहिला. जिवनबाई खायची, न्हायची, सांगितलं तिथे बसायची. बोलायची नाही. डॉक्टर म्हणाले, दुःख आहे, वयही आहे, थोडं विसरणंही सुरू झालेलं असू शकतं. गोळ्या दिल्या. निताला गोळ्यांचं काही नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. आईने एकदा, फक्त एकदा आपल्या गळ्यात पडून ती ओळ पुन्हा धरावी. या वेळी ती पुढची ओळ देणार होती. काय देणार हे तिला माहीत नव्हतं. कामावरून आल्यावर ती दारातच चप्पल काढताना क्षणभर हात मोकळे ठेवून उभी राहायची, हातात पिशवी न घेता, न जाणो. आई दाराकडे बघायची आणि वारा आला असेल असं समजून पुन्हा भिंतीकडे वळायची. लग्नघरात उगाच नटून बसलेल्या पाहुण्यासारखं निताला वाटायचं. मग ती गॅस पेटवायची आणि खिचडी टाकायची.

तर अशी ती ओ. सर म्हणाले होते, बसवून तर बघू आईला, आपल्या घरचा दिवा आपल्याच घरात का लावू नये. आणि निताने नाइलाजानं पट्टे बांधले होते. पहिल्या दिवशी जिवनबाई एवढंच बोलली. दुसऱ्या खेपेला तिने गवताला हात लावून पाहिला, म्हणजे हवेला, आणि ढोरं पाणी प्यायला गेली असतील असं स्वतःशीच ठरवलं. तिच्या आजेसासऱ्याच्या काळी तांडा बैलांवर माल लादून फिरायचा, त्याच्या गोष्टी तिने ऐकल्या होत्या; रिकामं कुरण तिला रिकामं वाटलंच नाही. मग ती त्या आवाजाशी बोलू लागली. आवाज म्हणायचा, “खांदे सैल सोडा.” ती म्हणायची, सोडले गं, तू जेवलीस का? आवाज म्हणायचा, “आता एक खोल श्वास.” ती म्हणायची, तुला जीपमधून आश्रमशाळेत नेलं ना, तव्हा मी मागं पळाले होते. रस्ता लागेपर्यंत पळाले. तू मागं बघितलंच न्हाई. निता शेजारच्या स्टुलावर बसून हे ऐकायची. तिला हे ठाऊकच नव्हतं. जीप आठवत होती, नव्या दप्तराचा वास आठवत होता, पुढे बसायला मिळालं म्हणून झालेला आनंद आठवत होता. मागे कोणी पळत होतं हे तिला आज, या वयात, पाइपच्या दुकानाच्या माडीवर कळत होतं, आणि तेही तिला सांगितलं जात नव्हतं.

सर खूश होते. त्यांनी नाडीचे आलेख काढून ट्रस्टला पाठवायला घेतले. “बघ, तुझ्या आवाजानं केलं,” ते म्हणाले. निताने हसून दाखवलं. स्वतःच्याच आवाजाचा असा मत्सर जगात कोणी केला असेल का, तिला वाटायचं. कारण घरी आली की जिवनबाई पुन्हा गप्प. एका संध्याकाळी तिने ठरवलं, की आपणच बोलू, तसंच बोलू. आईसमोर मांडी घालून बसली, आवाज खाली आणला, शब्द मऊ केले. “निवांत बसा. पाठ टेकवा.” जिवनबाईचा चेहरा एकदम उजळला. तिने मान वर केली, आणि निताकडे नाही, खुंटीला अडकवलेल्या निताच्या बॅगेकडे पाहिलं. त्या बॅगेत लॅपटॉप असायचा. निताला रागच आला, आईचा आला, यंत्राचा आला, आणि “ताटातलं संपव ना आता” असं ती इतक्या तुसडेपणाने बोलली, की शेजाऱ्यांकडली टीव्हीची बडबड थांबली. आवाज तोच होता. पण त्यात आता एक बाई होती, दिवसभर थकलेली, दोन घास गिळून पडावंसं वाटणारी, आईने आपल्याला माफ केलं नाही म्हणून आईलाच माफ न करणारी. गाद्यांच्या फटीत यातलं काहीच नव्हतं.

मग तिने एक करून पाहिलं. केंद्रात कोणी नसताना ती पुन्हा कोठीत गेली, गाद्या उभ्या केल्या, मोबाइल तोंडापुढे धरला आणि गोरमाटीत रेकॉर्डिंग करायला लागली. याडी, ती म्हणाली, म्हणजे आई. याडी, मी आलेय. पुढे शब्दच येईनात. ज्या भाषेत आईने तिला पाजलं-झोपवलं त्या भाषेत तिला आता भांडता येत होतं, मीठ मागता येत होतं, दार लावून घे म्हणता येत होतं. मऊ बोलण्याचे शब्द तिच्यापाशी राहिलेच नव्हते. ते तिने फाटकापाशी, झाडाआड टाकून दिले होते, आणि त्यांच्या जागी आणलेली मराठी फक्त परक्यांसाठी मऊ होती. तिने मोबाइल लावून ऐकलं. एक घोगरी, घाबरलेली बाई काहीतरी मागत होती. तिने ते पुसून टाकलं. गाद्यांना टेकून तिने रडायचा प्रयत्न केला, तोही नीट जमला नाही; दोन-चार हुंदके आले, पण एकट्याने रडायची रीत तिला कोणी शिकवलेली नव्हती. बाहेर येऊन तिने हेडसेट डोळ्यांवर चढवला आणि स्वतः कुरणात जाऊन पाहिलं. गवत हलत होतं. लांबचं झाड तसंच. तिचाच आवाज तिला सांगत होता, की तुम्ही सुरक्षित आहात, आणि तिचं तिलाच ते खोटं वाटलं. चारी दिशांना मान फिरवूनही तिथे लेक कुठे दिसली नाही. आई कुठे बघून बोलत असेल, तिला कळेना. तिने हेडसेट काढून ठेवला.

त्यानंतरच्या शुक्रवारी ते घडलं. जिवनबाई खुर्चीत, निता स्टुलावर, पलीकडच्या खोलीत सर कोणाशी तरी फोनवर. आवाज निम्म्यावर आला होता. “मी तुमच्याजवळच आहे,” तो म्हणाला. जिवनबाई ताठ झाली. “कव्हा आलीस गं?” ती गोरमाटीत म्हणाली, आणि खुर्चीचे हात धरून उठून उभी राहिली. दोन्ही हात तिने पुढे केले. निता उठली, पण तिच्याआधीच ते हात हवेत कोणाच्या तरी गळ्यात पडले होते. आणि जिवनबाईने सूर धरला. तुझा भाऊ गं, छोरी, तुझा भाऊ. वाटेत गेला गं. हळद सांडली रस्ताभर, पिवळा झाला गं रस्ता. सूर वर गेला आणि थबकला. निताचे ओठ हलले, आत्ता, आत्ताच, पण शब्द शोधेपर्यंत यंत्रातली बाई शांतपणे म्हणाली, “मनात जे येतंय ते येऊ द्या. अडवू नका.” जिवनबाईला ओळीला ओळ मिळाली. ती हंबरडा फोडून रडू लागली. तिने पुढची ओळ घेतली, आणि पुढची. सुदामच्या लहानपणचा ताप, त्याचं लग्न, त्या दिवशी सकाळी डब्यात दिलेली भाकरी, आणि प्रत्येक ओळीपाशी ती थांबली की कुरणातली लेक काहीतरी म्हणत होती. “छान. असंच.” “मी ऐकतेय.” हे निताने अनोळखी माणसांसाठी म्हटलेलं होतं. ऐकतेय म्हणताना ती काहीच ऐकत नव्हती, गाद्यांना कापसाचा वास येत होता एवढंच तिला आठवत होतं.

आवाजाने सर दारात आले. लॅपटॉपवर नाडीचे ठोके वर उडत होते. त्यांनी बंद करायला हात पुढे केला तो निताने धरला, आणि एरवी सरांसमोर मोठ्याने न बोलणारी ती जवळजवळ ओरडली, “राहू द्या!” सर मागे झाले. मग निता आईच्या समोर गेली. त्या उघड्या हातांमध्ये जागा होती, एका माणसाएवढी. ती त्या जागेत शिरली, आईच्या खांद्यावर डोकं टेकलं, गळ्यात हात टाकले. आईच्या अंगाला तोच वास होता, धुराचा आणि खोबरेल तेलाचा. “याडी,” ती म्हणाली, “मी आहे. मी निता.” जिवनबाईचं अंग आखडलं. सूर थांबला. हेडसेट निताच्या कपाळावर आपटला. जिवनबाईने दोन्ही तळहात तिच्या छातीला लावले आणि तिला दूर लोटलं, जोराने नाही, गर्दीत मध्येच आलेल्या माणसाला लोटावं तसं. “सरका जरा बाई,” ती मराठीत म्हणाली. “माजी लेक बोलून राह्यली.” आणि हात पुन्हा हवेत गेले. निता भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या आईने, तिच्यापासून हातभर अंतरावर, तिच्याच आवाजाच्या गळ्यात पडून रडणं पुरं केलं. शेवटची ओळ झाली, सूर उतरला, जिवनबाईने नाक ओढलं आणि खुर्ची चाचपून बसली.

निताने पट्टे सोडले. जिवनबाईचा चेहरा ओला होता आणि लाल झाला होता, आणि किती तरी दिवसांनी तो चेहरा होता. तिने ओढणीने डोळे पुसले, पाणी मागितलं, घटाघट प्याली. तिला भूकही लागली होती. सर दारातून हसून, मान हलवून निघून गेले. त्यांच्या लेखी आज मोठं काम झालं होतं, आणि ते खरंही होतं. जिवनबाईने पेला परत दिला. निताकडे तिने प्रेमाने पाहिलं, दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईकडे बघतात तसं.

“माजी लेक आली व्हती,” ती म्हणाली. मराठीतच म्हणाली. “लई दिवसानं आली. पोरगं गेलं माजं, तिला समदं सांगितलं. लई रडलो दोघी.”

“बरं झालं,” निता म्हणाली. तिचा आवाज अगदी स्वच्छ आला.

“हलकं वाटून राह्यलं आता.” जिवनबाईने तिचा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, बोटांवरून बोट फिरवलं. “तुमाला माय हाय का, बाई?”

खाली दुकानात ट्रकमधून पाइप उतरवत होते. ते एकावर एक पडण्याचा आवाज थांबेपर्यंत निता थांबली.

“हाय,” ती म्हणाली.

“मंग जात जा की तिच्याकडं,” जिवनबाई म्हणाली, आणि तिचा हात थोपटला. “तोंडानं म्हनत न्हाई माय, पर वाट बघून राह्यलेली असती.”